साडेसहा वर्षांचा लेक रात्री तीनला उठतो तो पाचपर्यंत जागा - ऑटिझमवाले पालक काय करता?

अर्धीझोप

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

लेक साडेसहा वर्षांचा, तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. बोलणं मोजकं, पाणी, चल, नको, आणि लोकलमधल्या अनाउन्समेंट, त्या मात्र अख्ख्या आणि तिन्ही भाषांत. आम्ही डोंबिवलीला राहतो त्यामुळे पाळण्यात असल्यापासून ट्रेन कानावर आहे. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी चालू आहे, शाळा नॉर्मल, सीनियर केजी.

प्रॉब्लेम झोपेचा. शाळेची व्हॅन साडेसातला येते म्हणून मी नऊलाच लाईट घालवून त्याला घेऊन पडते. तो बारापर्यंत लोळतो, भिंतीवर पाय आपटतो, उठून किचनमध्ये जाऊन येतो, शेवटी माझी वेणी मुठीत घट्ट धरून कधीतरी डोळा लागतो. तीनच्या सुमारास टक्क जागा. रडत वगैरे नाही, मस्त आनंदात असतो, गादीवर उड्या आणि ठाकुर्लीपासून स्टेशनं सुरू, पुढील स्टेशन डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा... कळवा आलं की मी समजते आता सीएसटीपर्यंत जागरण आहे. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले, त्यांचंही चूक नाही म्हणा. सव्वापाचला परत झोपतो आणि सातला काही केल्या उठत नाही, आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडते. आणि शाळेतून आला की दुपारी दोन ते साडेचार ढाराढूर.

मी पतपेढीत आहे, परवा कॅशची मोजणी करताना डुलकी लागली, मॅडमनी फक्त बघितलं माझ्याकडे, पण लाज वाटली. नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. साबांचं (सासूबाईंचं) म्हणणं दृष्ट लागलीय, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, जायफळ उगाळून दुधातून झालं. एका नातेवाईकांनी सांगितलं सर्दीचं सिरप दे, गुंगी येते, ते दोन दिवस दिलं (हो माहितीये, नको होतं द्यायला, शिव्या घाला) तर उलट दुप्पट चेकाळला. डॉक्टरांना विचारलं तर ऑटिझममध्ये असतंच हो, मोठा झाला की कमी होईल. म्हणजे कधी?

झोपेसाठी मेलाटोनिनच्या गोळ्या देतात असं ऐकलंय, भीती वाटते. जड ब्लँकेट ऑनलाईन बघितलं, किंमत बघून बंद केलं. ज्यांनी यातून काढलंय त्यांनी प्लीज सांगा, मोठं लिहिलंत तरी चालेल, तीन ते पाच वाचायला वेळच वेळ आहे.

---

शहाळं

आमच्याकडेही हेच, फक्त स्टेशनांच्या जागी मिक्सर आणि वॉशिंग मशीनचे आवाज. लेक पाच वर्षांची. वाचतेय.

---

ठाण्याची_मावशी

अगं सिरपचं मनाला लावून घेऊ नकोस, आम्ही सगळ्यांनी काही ना काही दिलेलं आहे. माझा मुलगा आता सोळाचा, त्याची सहा ते नऊ ही तीन वर्षं मला नीटशी आठवतच नाहीत, इतकी मी झोपेत होते.

तू लिहिलंस त्यावरून मी आकडेमोड केली. बारा ते तीन तीन तास, सव्वापाच ते सात पावणेदोन, दुपारचे अडीच. झाले सव्वासात. या वयाला चोवीस तासांत ९ ते १२ लागतात म्हणे, म्हणजे तो कमी झोपतोयच, पण त्यातली एक तृतीयांश झोप दुपारी जातेय हे बघ. दुपारच्या अडीच तासांनी रात्रीच्या बाराची सोय होते. ती झोप आधी कमी कर, एकदम बंद नाही, अर्ध्या तासावर आण आणि तीनच्या पुढे तर अजिबात नाही. पहिला आठवडा संध्याकाळी घर डोक्यावर घेईल, ते धर.

दुसरं जे सांगणार आहे ते ऐकून तुला वाटेल बाई येडी आहे. त्याला नऊला झोपवू नकोस. तो झोपतो बाराला, तर गादीवर पावणेबाराला ने. आत्ता काय होतंय की रोज तीन तास गादीवर जागं राहायची प्रॅक्टिस चाललीय त्याची, गादी म्हणजे लोळायची आणि लाथा मारायची जागा असं डोक्यात पक्कं झालंय. गादीवर टेकला की पंधरा वीस मिनिटांत झोपतोय असं तीनचार दिवस दिसलं की पंधरा मिनिटं अलीकडे ओढ, मग परत तीनचार दिवस थांब. आमच्या थेरपिस्ट याला बेडटाईम फेडिंग म्हणायच्या, मी त्याला घड्याळ मागे ओढणं म्हणायचे. आम्हाला साडेअकरावरून साडेनऊवर यायला दोन महिने लागले आणि मध्ये गणपती आले तेव्हा सगळं परत शून्यावर. पण एक अट, सकाळची उठायची वेळ हलवायची नाही, रविवारी नाही, आजारी नसेल तर कधीच नाही. सातला पडदे उघडून गॅलरीत उजेडात बसव, डोळे मिटून बसला तरी बसव.

आणि तिसरी तुझी वेणी. झोपताना जे हातात असतं ते तीनला पण लागतं. आपण सगळेच रात्री दोनचार वेळा अर्धवट जागे होतो, उशी चाचपतो आणि परत झोपतो, आपल्याला सकाळी आठवतही नाही. त्याने चाचपलं आणि वेणी सापडली नाही (किंवा तू कूस बदललेली) की संपलं, पूर्ण जाग. माझ्याकडे वेणीच्या जागी कानाची पाळी होती. मी काय केलं, आधी माझ्या मऊ जुन्या ओढणीचं टोक कानाबरोबर हातात दिलं, मग नुसतं टोक, मग मी गादीच्या कडेला, मग खुर्चीवर, मग दारात. प्रत्येक पायरीला आठवडा. कान सुटायला पाच आठवडे लागले.

हे सगळं सुरू करायच्या आधी दोन आठवडे वहीत लिही. कधी गादीवर, कधी डोळा लागला, कधी उठला, दुपारी किती, संडास झाली का, स्क्रीन कधी बंद. मोबाईलवर नको, वहीतच. डॉक्टरला वही दाखवली की 'असतंच हो' म्हणायची सोय राहत नाही.

अवांतर पण महत्त्वाचं: तो रात्री किचनमध्ये जातो म्हणालीस. गॅस रेग्युलेटरवरून बंद करत जा, मुख्य दाराला उंचावर कडी आणि दाराला एक घुंगरू बांध. आमचा एकदा पहाटे चारला लिफ्टमध्ये सापडला होता.

---

जुना_खोडरबर

कोणाला राग येईल पण लिहितो. आमच्या लहानपणी असले आजार नव्हते. पोरं दिवसभर मातीत खेळायची, रात्री भाकरी खाल्ली की पडल्या जागी झोपायची. मोबाईल काढून घ्या, संध्याकाळी ग्राउंडवर दोन तास पळवा, दमला की झोपेल. फार लाड होतात हल्ली.

---

शहाळं

काका, मोबाईल नाहीच देत आम्ही आणि दोन तास पळवून पण झालंय. आमची दमली की झोपत नाही, दमली की अजून पेटते. रात्री आठनंतर पळापळ झाली तर एक वाजलाच समजा. आणि तुमच्या लहानपणी पण होती हो अशी मुलं, प्रत्येक गावात 'तो वेडसर' म्हणून कोणीतरी असायचं, तो रात्री झोपायचा का हे त्याच्या आईला कुणी विचारलं नसेल.

---

जुना_खोडरबर

हा मुद्दा पटला. आमच्या वाड्यात होता एक. रात्री अंगणात येरझाऱ्या घालायचा. त्याची आई ओट्यावर बसलेली असायची, हे आत्ता लिहिताना आठवलं.

---

स्टेथो_आणि_चहा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण मूल न तपासता बोलतोय हे लक्षात ठेवून वाचा.

मावशींनी लिहिलंय ते बरोबर आहे आणि आम्ही ओपीडीच्या सात मिनिटांत सांगू शकत नाही इतकं नीट लिहिलंय. माझी भर एवढीच की वर्तनाकडे जायच्या आधी शरीर बघा. ऑटिझममध्ये निम्म्याहून जास्त मुलांना झोपेचा त्रास असतो हे खरंय, पण त्यामुळेच 'असतंच' म्हणून एखादी साधी उपाय असलेली गोष्ट सुटून जाते. ज्या मुलाला पोट दुखतंय सांगता येत नाही ते रात्री उठून बसतं, एवढं साधं असू शकतं.

पहिलं बद्धकोष्ठ. ही मुलं खाण्यात चोखंदळ, दूध बिस्कीट वरणभात, भाज्या नाहीत, तीनतीन दिवस संडास नाही. दुसरं जंत, रात्री खाज सुटते, मागे हात जातो का बघा. तिसरं घोरणं. तोंड उघडं ठेवून झोपतो का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, मान मागे टाकून झोपतो का. असेल तर अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेली असू शकते, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दातही बघा, किडलेली दाढ रात्रीच ठणकते.

चौथं, 'भिंतीवर पाय आपटतो' हे वाक्य वाचून मी थांबलो. झोपायच्या वेळी पायांना चैन न पडणं हे शरीरातलं लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. नुसतं हिमोग्लोबिन बघून चालत नाही, ते नॉर्मल असूनही साठा रिकामा असू शकतो. फेरिटिन नावाची टेस्ट करा. एक लक्षात घ्या, लॅबच्या कागदावर पंधरावीसच्या पुढे सगळं नॉर्मल छापलेलं असतं, पण पायांची अस्वस्थता असेल तर झोपेचे डॉक्टर ५० च्या खाली असलं तरी लोह देण्याचा विचार करतात. ताप सर्दी असताना टेस्ट करू नका, आकडा खोटा वर दिसतो. आणि टॉनिक स्वतःच्या मनाने आणून सुरू करू नका, जास्त लोह मुलांना धोक्याचं असतं.

पाचवं, फिट. तो जागा होऊन आनंदात उड्या मारतो हे फिटसारखं वाटत नाही. पण कुणाच्या मुलाला झोपेत दर वेळी एकाच पद्धतीचे झटके, डोळे एकीकडे फिरणं, लाळ, अंथरूण ओलं, नंतर गळून जाणं असं काही होत असेल तर व्हिडिओ काढा आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जा. ऑटिझममध्ये एपिलेप्सीचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं.

मेलाटोनिनबद्दल. ते गुंगीचं औषध नाही, रात्र झाली हे मेंदूला सांगणारं हार्मोन आहे, अंधार पडला की आपल्यात तयार होतं. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांमध्ये ते कमी किंवा उशिरा तयार होतं असं दिसलंय. अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात आधी इतर आजार बघा, मग झोपेच्या सवयी, आणि त्याने भागलं नाही तर मेलाटोनिन, तेही कमी डोसपासून. साध्या गोळीने डोळा लवकर लागायला मदत होते, रात्री तीनला जाग येते त्यावर तिचा उपयोग कमी. हळूहळू सुटणारी लहान मुलांची गोळी युरोपात २०१८ पासून मान्य आहे. डोस इथे लिहिणार नाही, कारण लिहिला की कोणीतरी देणारच. सर्दीच्या सिरपने चेकाळला त्यात नवल नाही, काही मुलांमध्ये त्याचा उलटाच परिणाम होतो. जायफळ दुधात एक वळसा असेल तर असू दे, पण झोपत नाही म्हणून वळसे वाढवू नका, जास्त जायफळ विषारी असतं.

मुंबईबाहेरच्यांसाठी: बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी म्हणून विभाग असतो, मुलांच्या विकासाच्या अडचणींसाठीच. तिथे विचारा.

---

ट्यूबलाईट_बंद_करा

मी २६ वर्षांचा, स्वतः ऑटिस्टिक, निदान विसाव्या वर्षी. पालकांच्या धाग्यात लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

रात्री मला काय होतं ते सांगतो, तुमच्या मुलाला तेच होत असेल असं नाही. दिवसा आवाजात आवाज मिसळून जातात. रात्री सगळे सुटे होतात. फॅनच्या रेग्युलेटरची घूं, फ्रीज मध्येच धडधडून बंद होतो ते, टाकीत पाणी चढतं ते, आणि मी पुढच्या आवाजाची वाट बघत पडून राहतो. झोप येत असते, शरीर दमलेलं असतं, पण कान बंद होत नाहीत. आईला वाटायचं मी हट्टाने जागा आहे. नवीन चादर घातली की मी खाली फरशीवर झोपायचो, तिच्या स्टार्चचा वास आणि कडक शिवण, त्यावरून मार पण खाल्लाय. शर्टाचं लेबल मानेला टोचतं हे मला दहाव्या वर्षापर्यंत सांगता आलं नाही, कारण सगळ्यांनाच टोचत असेल असं वाटायचं.

सर्वात चांगली झोप आजीकडे लागायची. तिची गोधडी, सात आठ जुन्या लुगड्यांची, इतकी जड की खाली हलता यायचं नाही आणि इतकी धुतलेली की कुठेच टोचायची नाही. त्यामुळे ते ऑनलाईनवालं ब्लँकेट राहू दे, आधी घरातली गोधडी बघा. त्याची तो बाजूला करू शकेल एवढीच जड हवी मात्र, आणि तोंडावर नाही.

आणि स्टेशनं म्हणतो ना, त्याला गप्प करू नका असं मला वाटतं. ती नेहमी त्याच क्रमाने येतात, कधी चुकत नाहीत. काही लोक अंधारात रामरक्षा म्हणतात, त्यातलंच आहे ते. हळू आवाजात म्हणायला शिकवता आलं तर बघा.

---

ठाण्याची_मावशी

ट्यूबलाईट, तू लिहिलंस ते बरं झालं रे बाळा. माझा मुलगा चौदा वर्षं उशी न घेता झोपतोय आणि मी चौदा वर्षं रोज रात्री उशी सरकवतेय. आज नाही सरकवली.

---

मुपो_एडिसन

इकडे न्यू जर्सीत मेलाटोनिन सुपरमार्केटमध्ये चॉकलेटच्या शेजारी मिळतं, अस्वलाच्या आकाराच्या गमी, आणि भारतात येताना प्रत्येक ओळखीचा विचारतो दोन डबे आणशील का. मी पण आणायचो. २०२३ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये तपासणी आली, २५ गमी तपासल्या त्यातल्या २२ मध्ये लेबलवर लिहिल्यापेक्षा वेगळंच प्रमाण, कमीत कमी ७४ टक्के आणि जास्तीत जास्त ३४७ टक्के, आणि एकात तर मेलाटोनिनच नाही. म्हणजे तुम्ही १ देताय समजून साडेतीन जाऊ शकतं. इकडे ते सप्लिमेंट म्हणून विकतात, औषधासारखी तपासणी होत नाही. तेव्हापासून डबे आणणं बंद, पाहुणे नाराज झाले तर झाले. द्यायचंच तर तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीने गोळी घ्या.

जड ब्लँकेटवर पण २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक मुलांवर नीट चाचणी झाली होती, ६७ मुलं, साध्या ब्लँकेटशी तुलना करून. झोपेचे तास काही वाढले नाहीत. गंमत म्हणजे मुलांना आणि आईबापांना तरीही जड ब्लँकेटच आवडलं. त्यामुळे ट्यूबलाईटच्या आजीच्या गोधडीला माझं अनुमोदन, तास वाढो न वाढो, फुकट आहे.

---

अर्धीझोप

धागा वर काढतेय. दहा आठवडे झाले, कोणी विचारलं नाही तरी सांगते.

वही लिहिली. त्यातून पहिल्यांदा हे कळलं की ज्या दिवशी संडास नाही त्या रात्री तीनच्या ऐवजी दोनला उठतो. मला हे दोन वर्षांत दिसलं नव्हतं. वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, फेरिटिन केलं, आलं ११. हिमोग्लोबिन बारीकसं कमी, कोणी लक्ष दिलं नसतं असं. लोहाचं सिरप चालू आहे, तीन महिन्यांनी परत टेस्ट. भिंतीवर लाथा साधारण चौथ्या पाचव्या आठवड्यापासून कमी झाल्या. खालच्या काकांनी जिन्यात थांबवून विचारलं, तुम्ही गावाला गेला होता का.

दुपारच्या झोपेचा आठवडा भयंकर होता. साबांनी दुसऱ्या दिवशी मला न सांगता झोपू दिलं, त्यावरून वाजलं. नंतर मी वही त्यांच्याच हातात दिली, दुपारचं तुम्ही लिहा म्हटलं, तेव्हापासून साडेतीनला त्याच त्याला उठवून कणकेचा गोळा खेळायला देतात. त्या तशाही साडेचारला उठतात पूजेला, म्हणून पहाटेची ड्युटी त्यांनी आपणहून घेतली, तो उठला तर देवघरात त्यांच्याजवळ बसतो, निरांजनाकडे बघत. मोठा दिवा लावायचा नाही एवढं कबूल केलंय. आणि नवऱ्याची रात्रपाळी नसेल तेव्हा शुक्रवार शनिवारच्या रात्री त्याच्या, मी दुसऱ्या खोलीत कापूस घालून. पहिल्या शनिवारी सलग सात तास झोपले आणि उठून घाबरले की घर इतकं शांत का.

घड्याळ मागे ओढणं चालू आहे, पावणेबारावरून सव्वादहापर्यंत आलोय. गेल्या महिन्यात एका लग्नाला जाऊन आलो आणि चार दिवस परत बारा. वेणीच्या जागी माझ्या जुन्या कॉटनच्या साडीची तिपेडी वेणी घालून दिली. बारा दिवस त्याने ती फेकली, तेराव्या दिवशी स्वतः उचलून आणली. आता ती धुवायला पण देत नाही, वास घ्या म्हणजे कळेल.

मेलाटोनिन अजून नाही. डॉक्टर म्हणाले लोहाची पुढची टेस्ट होऊ दे, मग बघू, मला पण घाई नाही.

अजूनही आठवड्यात दोन तीन रात्री उठतोच. पण उड्या नाहीत, पडल्या पडल्या हळू आवाजात स्टेशनं म्हणतो, ट्यूबलाईट यांनी सांगितलं तसं मी पण त्याच्याबरोबर कुजबुजत म्हणते. काल मुंब्र्यालाच झोपला. मी मात्र सवयीने ठाण्यापर्यंत गेले.

---

स्टेथो_आणि_चहा

वा! सिरप दुधाबरोबर देत नाही ना? दुधाने लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू सरबताबरोबर द्या, आणि त्याने संडास घट्ट झाली तर लगेच डॉक्टरांना सांगा, वही आहेच.

---

शहाळं

मी पण वही सुरू केली. तिपेडी वेणीला साडीची लांबी किती घेतलीस गं? आमचीला माझा गाऊन लागतो, तो कापायचा म्हणजे जिवावर येतंय.

---

अर्धीझोप

नऊवारीचा काठाचा भाग, साधारण दीड मीटर, तीन पट्ट्या. टोकं जाड शिव, नाहीतर दोरे ओढून खातो. आणि सरळ दोन करून ठेव, एक हरवली तर रात्र गेली. वेणी झाली की गळ्याभोवती जाईल एवढी लांब अजिबात ठेवू नकोस. झोप लागली की मी हळूच उशाशी त्याच्या हातापाशी काढून ठेवते.

---

शहाळं

बरं. गाऊन आज कापते.